डाव्या पायाचे चार महिने

कोल्हापुरात पेठेत वाढलेल्या पोराला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. तालमीच्या नावाचे संघ, शाहू स्टेडियमवरचे सामने, त्या दिवशी दुपारपासूनच ओस पडलेली गल्ली, हे सगळं मी लहानपणापासून बघत आलोय. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हा मी पाचवीत होतो. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं होतं. आम्ही कट मारायला शिकलो, स्टेपओव्हर, म्हणजे बॉलवरून पाय फिरवून चकवणं, घटवले. आलेला बॉल नीट घेणं मात्र कुणीच घटवलं नाही.

हे मला एकोणिसाव्या वर्षी एका संघाच्या निवडीच्या वेळी कळलं. वीस मिनिटं खेळवून सरांनी बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पळतोस चांगला. पण बॉल पायाला लागला की दोन मीटर लांब जातोय. आणि डावा पाय नुस्ता उभं राहायला ठेवलायस व्हय रं?" यादीत नाव आलं नाही. दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही, कारण ते म्हणाले ते खरं होतं.

जून लागला. पाऊस सुरू झाला की गांधी मैदानावर तळं साचतं, त्यामुळे आमच्या इमारतीच्या पार्किंगमधली भिंत धरली. खडूनं गुडघ्याच्या उंचीवर एक चौकोन काढला, तीन मीटरवर रेघ मारली. डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं पास, भिंतीवरून परत आलेला बॉल डाव्यानंच थांबवायचा, पुन्हा पास. दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू झोपायच्या, म्हणून सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी अर्धा तास. आजोबा ऐन उमेदीत तालमीत जोर-बैठका काढायचे. त्यांनी मोजायला चिंचोके दिले. शंभर झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. बॉल पायावर आपटून उसळायचा. आधी दोष बॉलचा निघाला. मी हवा दगडासारखी टच्च भरत होतो, आणि व्हॉल्व्हजवळ दाब किती असावा ते छापलेलं असतं हे कधी बघितलंच नव्हतं. पूर्ण आकाराचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो; तो एवढा कडक केला तर सिमेंटवर कुणाच्याही पायावरून उडणार. हवा कमी केली, थोडा फरक पडला. थोडाच.

समोर बांधकाम चालू होतं. खालचा कामगार वीट वर फेकायचा आणि माचाणावरचा ती झेलायचा. झेलताना त्याचे हात विटेबरोबरच थोडे मागे जायचे, आवाजसुद्धा यायचा नाही. ते मी दहा मिनिटं बघत उभा राहिलो. मग पाय बॉलच्या वाटेत रोवून ठेवायचा सोडला. पाऊल थोडं पुढं न्यायचं आणि बॉल लागत असतानाच त्याच्याबरोबर मागं घ्यायचं. पास देताना घोटा घट्ट, घेताना पाय सैल. उजव्यानं हे दोन दिवसांत जमलं. डाव्यानं नाही.

मग धाकट्या भावाला मोबाइलवर शूटिंग करायला सांगितलं. ते हळू करून बघितलं तेव्हा जे दिसलं, त्यानं माझा सगळा सराव बदलला. चुकत होता तो उजवा पाय! डावा पाय उचलला की उजवा गुडघा काठीसारखा ताठ व्हायचा, सगळं वजन टाचेवर जायचं आणि अंग मागं झुकायचं. आयुष्यभर बॉल मारलेल्या त्या पायाला एकट्यानं उभं राहायची सवयच नव्हती. मग दात घासताना मी उजव्या पायावर उभा राहू लागलो, गुडघा किंचित वाकवून, भार चवड्यावर. पार्किंगमध्ये बॉल न घेता नुसतं डावं पाऊल पुढं-मागं. आठवडाभरानं पुन्हा भिंतीसमोर आलो आणि बॉल पायाजवळ राहू लागला. त्या सकाळी सात चिंचोके हलले. आजोबांना वाटी नेऊन दाखवली.

ऑगस्टपासून ड्रिब्लिंग. चपला एकेका पावलाच्या अंतरावर मांडायच्या आणि त्यांच्यामधून फक्त डाव्यानं जायचं: आतली बाजू, बाहेरची बाजू, तळव्यानं मागं ओढायचा. मान वर राहावी म्हणून भाऊ समोर उभा राहून बोटं दाखवायचा आणि मी चालता चालता आकडा सांगायचो. आकडा चुकला की पहिल्यापासून. एकट्यानं करणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी कुणाला सोबत घ्यावं. नजर बॉलवर खिळली की आजूबाजूचं मैदान दिसतच नाही, आणि ते स्वतःला कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये मैदान वाळलं. सिमेंटवर सरळ येणारा बॉल तिथं खड्ड्यात पडून कसाही उसळायचा, त्यामुळे पहिले काही दिवस पुन्हा हातचं गेल्यासारखं वाटलं. मग शेवटच्या क्षणापर्यंत पाय हलता ठेवायला लागलो. एका रविवारी पेठेतल्याच पोरांच्या सामन्यात डाव्या बाजूला लांबून पास आला, पाठीवर बचावपटू. डाव्याच्या बाहेरच्या बाजूनं बॉल पुढं सोडला, तो अर्ध्या मीटरवर थांबला आणि मी वळलो. गोल झाला नाही, गोलसमोर टाकलेला क्रॉस किपरनं धरला. पण वळलो होतो.

मांडीवर आणि छातीवर अजून बॉल थांबत नाही. भावाला वरून हातानं बॉल टाकायला सांगितलंय. चिंचोक्यांची वाटी पुन्हा रिकामी करून ठेवली आहे. डिसेंबरात परत निवड आहे.