फेडर सरकवला आणि तानपुरा उतरला

बाबांची पेटी रेकॉर्ड करायची असं दोन वर्षं नुसतं म्हणणंच चाललेलं. शेवटी दोन इनपुटवाला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी) घेतला आणि मित्राकडनं एक वापरलेला कंट्रोल सरफेस, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हाताने चालवायचा बटणांचा फळा, पण उचलला, आठ फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या), तेही मोटरवाले. माउसने सारखं आवाज कमीजास्त करून हात दुखतो असं घरी सांगितलं, खरं कारण म्हणजे फेडर आपोआप हलताना बघायला लई भारी वाटतं.

इंटरफेस अर्ध्या तासात लागला. त्याचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारा) टाकला, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडला, कंडेन्सर माइकला लागतात ते ४८ व्होल्ट इंटरफेसवरनं चालू केले. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून पुढे देतो तो आकडा, ५१२ वर होता, त्यामुळे बाबांना हेडफोनमध्ये स्वतःचीच पेटी मागनं ऐकू येत होती. सेकंदाला ४४१०० नमुने या सॅम्पल रेटला ५१२ म्हणजे एका बाजूचेच साडेअकरा मिलिसेकंद, येताजाता दुप्पट. १२८ केला तरी बाबांचं तोंड वाकडंच, मग डायरेक्ट मॉनिटर चालू केलं, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात. तेव्हा ट्रॅकचं मॉनिटरिंग मात्र बंद करा, नाहीतर दोन पेट्या वाजतात.

खरी गंमत सरफेसची. यूएसबी लावली, तानपुऱ्याचा सॉफ्टवेअर ट्रॅक चालू होता, पहिला फेडर खाली ओढला आणि बाबा ओरडले, "अरे तानपुरा उतरलालाय की!" आवाज कमी व्हायच्या ऐवजी सूरच खाली. प्लेचं बटण दाबलं तर गाणं सुरू नाही, तानपुऱ्यातच वरचा कुठलातरी भलता सूर वाजला. रात्री दीडपर्यंत केबल बदल, ड्रायव्हर परत टाक, मित्राला फोन, तो म्हणे "काय करलालास बे या टायमाला."

झालं असं होतं की हा सरफेस मॅकी कंट्रोल नावाच्या ठरलेल्या पद्धतीने मिडीत (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातली निरोपांची भाषा) बोलतो, त्यात फेडर म्हणजे पिच बेंडचा, एरवी सूर वरखाली वाकवणारा, मेसेज असतो, पहिला फेडर चॅनल एकवर, दुसरा दोनवर, आणि बटणं म्हणजे सुरांचे नंबर, प्लेचा ९४. रीपर त्याला वाजवायचा साधा कीबोर्ड समजून सगळं तानपुऱ्याला पाठवत होता. मग प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटच्या यादीत सरफेसचं इनपुट बंद केलं (हो, बंद, इथेच सगळे फसतात), आणि खाली कंट्रोल सरफेसच्या पानावर अॅड करून मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल निवडलं, तिथे मिडी इनपुट आणि आउटपुट दोन्ही द्यायचे. आउटपुट राहिला तर तुम्ही फेडर हलवला की रीपरला कळतं, पण रीपरमध्ये हलवलं तर फेडर ढिम्म. मी अर्थात तेही विसरलो होतो.

आता राहिला आवाज. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग, दिवसभर खटखट. खोलीत तीन सोलापुरी चादरी टांगल्या, त्याने भिंतींवरनं परत येणारा घुमारा गेला, पण मागाचा आवाज काय चादरीला भीत नाही, तो सोलापूरचाच. शिवाय चार्जर लावला की एक बारीक घूंऽऽ, बहुतेक अर्थिंगचं लफडं.

परवा सगळं जुळलं, फेडर नाचायला लागले, बाबा पेटी घेऊन बसले आणि लाईट गेली. पंखा बंद, माग बंद, घूं पण बंद. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, दोन्ही चालू. सरफेसला मोटरसाठी वेगळा अडॅप्टर लागतो म्हणून तो तेवढा मेला. बाबा घामाने भिजून चाळीस मिनिटं वाजवत बसले, एकदम स्वच्छ टेक मिळाला, आणि आवाज मी माउसनेच जुळवला.