बॉल पायथनचं पिल्लू आणण्याआधी पेटी तापवून बघा

आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे शेतात, ओढ्याकाठी दिसणारा भारतीय अजगर पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं सगळंच गुन्हा आहे. त्याचं पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवा. इथे लिहितोय ते आफ्रिकेतल्या बॉल पायथन या लहान अजगराबद्दल. भारतात तो ठेवायचा तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. अमेरिका-ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तिथला स्थानिक कायदा आणि घराचा भाडेकरार दोन्ही वाचावेत.

पिल्लू पाळीव जोडीचंच घ्या. घाना, टोगो, बेनिनमधून रानातली अंडी गोळा करून उबवलेली पिल्लंही बाजारात येतात. ती स्वस्त पडतात, पण अंगावर गोचीड आणि पोटात जंत असण्याचा धोका मोठा, शिवाय खायला कुरकुर. विकणाऱ्याकडे जन्मतारीख आणि खाण्याची नोंद मागा. निदान पाच वेळा स्वतःहून खाल्लेलं असावं. काय खाल्लं, लहान उंदीर (माऊस) की मोठा (रॅट), जिवंत की गोठवलेलं, हेही विचारा. हातात घेतल्यावर पिल्लाने बोटांना घट्ट विळखा घालायला हवा. पाठीचा कणा वर आलेला नको. हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक कीटकासारखे जीव; असं पिल्लू घेऊ नका. ‘स्पायडर’ मॉर्फ (रंग-नक्षीचा एक प्रकार) दिसायला देखणा असला तरी घेऊ नये. त्या जनुकासोबतच तोल जाण्याचा दोष येतो, डोकं डुलत राहतं आणि त्याला इलाज नाही.

पेटी आठवडाभर आधी लावा. साधारण ६० × ४० सेंमी पुरते. दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा हवी, इतकी अरुंद की वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला. देवदार आणि पाइनचा भुसा नको. उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२७, आर्द्रता ६० ते ७० टक्के.

हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) पेटीच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी, आणि तापमान पाहून ती चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये पक्का चिकटवा. आत मोकळा सोडला तर साप तो ढकलतो किंवा त्यावर पाणी सांडतं. प्रोबला थंडी लागते, थर्मोस्टॅट मॅट चालूच ठेवतो आणि सापाचं पोट भाजतं. साप भाजेपर्यंत तिथून हलेलच असं नाही. म्हणून पिल्लू येण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने आतल्या तळाचं तापमान सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा.

पिल्लू आलं की पहिला आठवडा त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. मग पहिलं जेवण. भक्ष्य सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के: ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचा उंदीर, दर ५-७ दिवसांनी. गोठवलेला उंदीर पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, नंतर गरम पाण्यात ठेवून अंगाला कोमट लागेल इतका तापवा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजून फुटतो. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने समोर धरा. जिवंत उंदीर सापाला चावू शकतो, तो टाळलेलाच बरा.

नाही खाल्लं तर रोज रोज समोर नाचवू नका; आठवडाभर थांबा. बहुतेक वेळा दोष पिल्लाचा नसतो: पेटी थंड असते, लपायची जागा ढगळ असते किंवा घरातले सारखं झाकण उघडत असतात. खाल्ल्यावर ४८ तास हाताळू नका, ओकून टाकेल. ओकलंच तर आधी तापमान तपासा, १०-१४ दिवस काही देऊ नका आणि मग निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा वेगळा घेऊन दर आठवड्याला वजन लिहा. दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, नाकाशी बुडबुडे येतायत असं दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

डोळे दुधाळ निळे झाले की कात येणार. तेव्हा आर्द्रता थोडी वाढवा आणि हाताळणं बंद ठेवा. कात अखंड निघायला हवी. निघालेल्या कातेत डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्या आहेत का, ते उजेडात धरून बघा. एखादी डोळ्यावरच राहिली तर नखाने काढायला जाऊ नका, खालचा डोळा दुखावतो. आर्द्रता वाढवून पुढच्या कातेपर्यंत थांबा.