कोणता स्क्रू, ते तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, आतला फोटो दिसला की प्रश्न ठरलेला: "भिंतीवरच्या फळ्या कोणत्या स्क्रूने बसवल्यात?" एखादे गृहस्थ पुढे असंही म्हणतात, "मिस्टरांना विचारून सांगा." मिस्टरांनी त्या ट्रेलरमध्ये आजवर फक्त गादी अंथरली आहे. ड्रिल माझं, भोकंही माझीच, चुकलेली धरून.

"जरा जाड स्क्रू घ्या" असं सांगून मी सुटत आले. ते उत्तर चूक आहे, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

तुम्ही जिला भिंत म्हणताय ती आमच्याकडे अशी आहे: आत ३ मिलिमीटरचा प्लाय, मध्ये थर्मोकोल, बाहेर नखाच्या जाडीचा पत्रा. सगळं मिळून ३८ मिलिमीटर. ३ मिलिमीटरमध्ये स्क्रूचे आटे बसतात फार तर दोन. रॉलप्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी, विटेत घट्ट बसतो, कारण त्याला दाबायला वीट असते. थर्मोकोलात तो नुसता बसून राहतो आणि पहिल्या खड्ड्याला स्क्रूसकट बाहेर येतो. आत लाकडी पट्ट्या असतात, पण कारखान्याला सोयीच्या जागी, तुम्हाला फळी हवी तिथे नाही. भिंतीवरून लोहचुंबक फिरवा. तो जिथे चिकटतो तिथे प्लायच्या पिना आहेत, आणि पिनांच्या रांगेमागे पट्टी.

माझी पहिली फळी नुसत्या प्लायवर होती. पडली. त्याचं काही नाही, सगळ्यांची पडते. मला राग आला, हे खरं दुखणं. फळी थोडी सरकवून पट्टीवर घेतली आणि ५० मिलिमीटरचे स्क्रू आणले. हिशेब केला होता हो! फळीमागचं लाकूड १२, भिंत ३८, बेरीज ५०. बरोबर बसतंय म्हणून खूशही झाले होते. पण शेवटच्या पिळाला स्क्रूचं डोकं लाकडात दोन मिलिमीटर रुततं, हे हिशेबात नव्हतं. डोकं दोन मिलिमीटर आत गेलं, म्हणजे टोक दोन मिलिमीटर बाहेर. हाताला बारीकसं "कट्" जाणवलं.

बाहेर जाऊन पाहिलं. पत्र्यावर तीन पुटकुळ्या आणि चौथ्या जागी चकचकीत टोक. मला ते दिसलं होतं. आजवर सगळ्यांना "कळलंच नाही" म्हणून सांगितलं, ते खोटं. संध्याकाळ झाली होती, फळी आत दगडासारखी बसली होती, ती पुन्हा काढायचं जिवावर आलं. टोकावर सिलिकॉनचा एक थेंब लावला आणि चहा करायला गेले.

पावसाळा संपल्यावर फळीखाली भिंतीवर एक पिवळट डाग आला. अंगठ्याने दाबलं, तर अंगठा आत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा. प्लाय सोलला. आतली पट्टी काळी पडली होती, चमच्याने खरवडून निघाली. पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत उतरत होतं आणि दोन बंद थरांमध्ये त्याला वाळायला वाट नव्हती. फळी मात्र पडली नव्हती. कुजक्या लाकडात नुसती अडकून उभी होती, वर माझे सगळे डबे.

तेव्हाची मी अजून वाद घालते: टोक कापून टाकलं असतं, सिलिकॉन नीट लावलं असतं, तर चाललं असतं. असतं, कदाचित.

आता मी काय करते? दोन पट्ट्यांवर पसरेल असा १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा भिंतीला पॉलियुरेथेनच्या गोंदाने आणि आखूड स्क्रूंनी लावते. फळी त्या तुकड्याला, म्हणजे ओढ एका भोकावर येत नाही. त्याआधी भिंतीवरचा छापील कागद पॉलिशपेपरने घासून काढते. नाहीतर गोंद कागदाला धरतो आणि कागद भिंतीला सोडतो, हेही एकदा झालंय. हा गोंद हवेतल्या दमटपणाने कडेकडून वाळत जातो, म्हणून आठवडाभर हात लावत नाही. भोक पाडण्याआधी मागून वायर जाते का ते बघते. आणि जड काही वर ठेवतच नाही. डबे, भांडी खाली, चाकांच्या जवळ. ट्रेलरचं मागचं टोक सगळ्यात जास्त उडतं.

काहीजण आरपार बोल्ट टाकून बाहेरून पट्टी देतात आणि माझ्या गोंदाला हसतात. उद्या भिंत उघडायची वेळ आली तर तुझा तुकडा प्लाय घेऊनच निघेल, म्हणतात. निघेल. पण बाहेरच्या पत्र्याला पुन्हा भोक पाडायला माझा हात धजत नाही. त्याला शास्त्र म्हणा नाहीतर भीती.

सिंकवरची फळी अजूनही आत कुणी चाललं की बारीक वाजते. चारही कोपरे दाबून झाले, काही हलत नाही. ५० मिलिमीटरचे उरलेले स्क्रू खणात आहेत. टाकवत नाहीत.