मुळाला ऊन कुठं मिळतं?

मागच्या वर्षी आठवीच्या चाचणीत मी नेहमीचाच प्रश्न घातला होता: वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतला फरक लिहा. चार-पाच पेपर तपासून झाले आणि हात थांबला. डाव्या रकान्यात 'हरितलवक असते', उजव्या रकान्यात 'तंतुकणिका असते'. पुढच्या पेपरात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. 35 पैकी 21 मुलांच्या मते वनस्पतींना तंतुकणिका, म्हणजे अन्नातून पेशीसाठी ऊर्जा काढणारे भाग, नसतातच.

इतकी मुलं एकच चूक करतात तेव्हा ती शिकवण्यातली असते. मी माझं पाठ टाचण काढून पाहिलं. हरितलवक शिकवताना पान, सूर्यप्रकाश, अन्न. तंतुकणिका शिकवताना मात्र प्रत्येक उदाहरण धावणाऱ्या मुलाचं, कबड्डीपटूच्या स्नायूंचं. 'सर्व सजीव पेशींना ऊर्जा लागते' असं वाक्य मी सांगितलं होतं, पण त्यात झाड कुठे आलंच नव्हतं.

शिवाय मुलं जे डोळ्यांनी पाहतात त्यावर विश्वास ठेवतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रिलाचं पान ठेवलं की हरितलवकं स्पष्ट दिसतात, पेशीच्या कडेकडेने सरकतानाही दिसतात. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रक उठून दिसतं. तंतुकणिका मात्र जेमतेम अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद, रंगहीन. ती आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणजे झाडात जे हिरवं आहे तेवढंच मुलांनी पाहिलेलं असतं, बाकीचं फक्त पुस्तकातल्या आकृतीत.

पेपर वाटले त्या दिवशी मी वर्गात चूक सांगितली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फार बोलत नाही ती. म्हणाली, "मॅडम, पानाला ऊन मिळतंय. मग मुळाला ऊन कुठं मिळतंय? ते तर मातीत असतं."

मला वाटतं, हा प्रश्न त्या धड्याच्या पहिल्या ओळीत असायला हवा. मुळाच्या पेशीत हरितलवक नसतं. तिथे लवकं असतात, पण ती रंगहीन, पिठूळ कण साठवणारी. मुळाला साखर वरून येते, पानात तयार होऊन रसवाहिन्यांतून खाली उतरते. पण नुसती साखर पोचून भागत नाही, तिच्यातली ऊर्जा काढावी लागते. साखरेचं पहिलं विघटन पेशीद्रव्यात होतं, आणि उरलेलं मोठं काम तंतुकणिकेत. तिला दुहेरी आवरण असतं. आतलं आवरण घड्या-घड्यांचं, म्हणजे थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग. त्या घड्यांवर एटीपी, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारी ऊर्जा साठवणारा रेणू, तयार होतं आणि त्याच ठिकाणी शेवटच्या पायरीला ऑक्सिजन खर्ची पडतो. बरं, पानातल्या पेशीलाही तंतुकणिका लागतातच. हरितलवक उजेड असेपर्यंत काम करतं, रात्री पान जगतं ते साठवलेल्या अन्नावर आणि तंतुकणिकांवर.

मी तिलाच विचारलं, "तुमच्या रानात पाणी साचलं की काय होतं?"

"सोयाबीन पिवळं पडतंय. पप्पा चर काढून पाणी बाहेर काढतात. वाफसा आल्याबिगर रानात कुणी जात नाही."

वाफसा. औसा तालुक्यातल्या काळ्या रानात वाढलेल्या मुलांना हा शब्द सांगावा लागत नाही. मातीत ओल हवी आणि हवाही हवी, दोन्ही जमलं की वाफसा. पाणी साचलं की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मुळाच्या तंतुकणिका अडतात. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 च्या आसपास एटीपी मिळतात, तो नसला तर फक्त 2. एवढ्याशा ऊर्जेवर मूळ क्षार आत ओढू शकत नाही, आणि पान पिवळं पडतं. मुलांच्या वडिलांना तंतुकणिका हा शब्द ठाऊक नसेल, पण चर काढतात तेव्हा ते तिच्यासाठीच काढतात. (कोकणात भात पाण्यात उभा असतो, तो कसा जगतो, हेही एकाने विचारलं. भाताच्या मुळांत आतून हवेच्या पोकळ्या असतात, हवा वरून खाली जाते.)

मग प्रयोग केला. एका थर्मासात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकडून गार केलेली. दोन्हींच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि त्यातून आत गेलेला तापमापक. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलं धावतच प्रयोगशाळेत आली. मोडाच्या मटकीत 34 अंश, उकडलेल्यात 27. फडक्यात बांधलेली मटकी सकाळी हाताला कोमट लागते, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. वर्गात त्याचा आकडा दिसला. त्या मटकीला अजून हिरवं पान नव्हतं, ऊन तर नव्हतंच. ऊब येत होती ती तिच्या आतल्या साठवलेल्या अन्नातून, तंतुकणिका ऊर्जा काढत होत्या त्यातून.

तिसऱ्या दिवशी मात्र उकडलेली मटकीही तापायला लागली. पोरं गोंधळली, क्षणभर मीही. झाकण उघडलं तर आंबूस वास. उकडल्यावर मी ती जंतुनाशकाने धुतली नव्हती, म्हणून जिवाणू वाढले होते आणि ती ऊब त्यांची होती. आमचं चुकलं खरं, पण त्या चुकीने मला आवडती गोष्ट सांगायची संधी दिली. जिवाणूंना तंतुकणिका नसतात, तरी ते श्वसन करतात, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढतात. आणि आपल्या पेशीतली तंतुकणिका स्वतःच फार पूर्वी एक स्वतंत्र जिवाणू होती, दुसऱ्या पेशीने तिला आत घेतलं आणि ती तिथेच राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हे मांडलं, तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. आज तिचा स्वतःचा वेगळा डीएनए हा मोठा पुरावा मानतात. माणसाच्या तंतुकणिकेतला हा डीएनए सुमारे 16,500 बेस-जोड्यांचा (या जोड्या म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), 37 जनुकांचा. वनस्पतींच्या तंतुकणिकेतला त्याहून कितीतरी मोठा असतो. हे ऐकून वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मग झाडाचीच तंतुकणिका जास्त भारी की, मॅडम!" मी हसले, आणि मला फार बरं वाटलं.

यंदा धड्याची सुरुवात पानाने करत नाही. फळ्यावर पहिली आकृती मुळाच्या केसाची: लांबुडकी पेशी, पातळ पेशीभित्तिका, मधली जागा व्यापणारी मोठी रिक्तिका, कडेला सरकलेलं केंद्रक, आणि पेशीद्रव्यात विखुरलेल्या तंतुकणिका. हिरवा खडू त्या दिवशी डब्यातच ठेवते. मटकी कालच भिजत घातली आहे. या वेळी उकडलेली जंतुनाशकाने धुऊन ठेवायचं काम त्याच मुलीच्या धाकट्या भावाने मागून घेतलं आहे, तो यंदा आठवीत आला.