पान उलटायला उशीर झाला

आज ४ ऑक्टोबर आणि भिंतीवर अजून सप्टेंबरच. खुर्चीवर चढून कॅलेंडरचं पान उलटलं, तर लेक म्हणाली, "बाबा, ऊन तर कधीच उलटलंय."

मला काही कळेना. तिने बोट दाखवलं. दक्षिणेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन ऑगस्टच्या सुरुवातीला कट्ट्यावरच थांबायचं. आता टेबलाखालून थेट पुस्तकांच्या कपाटाकडे निघालंय. पठ्ठीने दर रविवारी फरशीवर खडूने खूण केलीय! (फरशी कोण पुसणार, हा प्रश्न वेगळा.)

खुणा नीट पाहिल्या. सुरुवातीच्या जवळजवळ, अलीकडच्या लांबलांब. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हाच सूर्य सगळ्यात भराभर दक्षिणेकडे सरकतो. हे शाळेत शिकलो होतो. घरात घडताना मात्र कधी पाहिलं नव्हतं.

आणि ऑक्टोबर म्हणजे मुळात 'आठवा'. जुन्या रोमन कॅलेंडरात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. आता दहावा झाला, पण नाव तेच. म्हणजे उशीर करणारा मी एकटाच नाही.

तुमच्याकडे आधी काय बदललं, पान की ऊन?