गरम इंजिन आणि शून्याला टेकलेला काटा: ऑइल प्रेशर तपासण्याचा माझा अनुभव

माझ्या जुन्या डिझेल जीपच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा खरा मीटर आहे, ० ते ५ किलोचा. गॅरेजमध्ये ‘किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर’ कोणी म्हणत नाही, ‘दोन किलो प्रेशर’ म्हणतात. एक किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). ‘बार’ या एककात मोजलं तरी आकडा जवळपास तोच, एक किलो म्हणजे साधारण एक बार. उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हा काटा शून्याला टेकायला लागला. रेस दिली की सव्वा किलोपर्यंत जायचा. एका गॅरेजमध्ये नुसता काटा बघून निकाल मिळाला: बेअरिंगं गेली, इंजिन खोलावं लागेल. खोलण्याआधी जे तपासलं ते सांगतो. त्यातलं बहुतेक काम एका रविवारी घरच्या अंगणात होण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट लाल दिवा. दिव्याचा स्विच आणि काट्याचं सेंडर युनिट (इंजिनवर बसून ऑइलच्या प्रेशरप्रमाणे आपला विद्युत रोध बदलणारा आणि त्यातून काटा हलवणारा भाग) माझ्या गाडीत वेगवेगळे आहेत. दिव्याचा स्विच फक्त दोन गोष्टी ओळखतो: प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली आहे की वर. चालत्या गाडीत दिवा लागला तर काट्याकडे बघत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा. माझ्याकडे काटा शून्यावर होता, पण दिवा विझलेला. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. म्हणून किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, दिवा लागतो का ते पाहिलं. लागला, म्हणजे बल्ब आणि वायर ठीक. संशय काट्याकडे वळला.

पण काटा खोटा निघाला म्हणजे ऑइल ठीक असतं असं नाही. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची खुणांची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. कमी झालेलं ऑइल सगळ्यांना घाबरवतं, वाढलेलं कोणाला नाही. खरं तर आपोआप वाढलेली पातळी जास्त गंभीर. ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, दुसरं काहीतरी येतंय, पाणी नाहीतर डिझेल. पाणी असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. माझं काळंच होतं, पण डिपस्टिकच्या टोकावरून थेंब जड होऊन ओघळण्याऐवजी पाण्यासारखा टपकन पडला. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून अर्धा तास ठेवला. मधे काळा ठिपका आणि त्याच्याबाहेर रुंद, फिकट, तेलकट कडं पसरलं. वासही डिझेलचाच होता. कागदाची ही खूण ढोबळ आहे, पण पातळी, वास आणि कागद तिन्ही एकच सांगत असतील तर शंका उरत नाही.

डिझेल मिसळल्याने प्रेशर का पडतं? पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. जेवढे आरपीएम, तेवढं ऑइल. ते बेअरिंगच्या फटीतून निसटताना जो अडथळा होतो त्यातून प्रेशर उभं राहतं. ऑइल पातळ तर अडथळा कमी. माझ्या गाडीत पडणाऱ्या १५ डब्ल्यू ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला शंभर सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) वर असतो आणि १०० अंशांना १२.५ ते १६.३ वर येतो. डिझेल ४० अंशांनाच जेमतेम २ ते ४.५ असतं. थोडंसं मिसळलं तरी गरम ऑइल कुठल्या कुठे पातळ होतं. सकाळी थंड इंजिनवर काटा छान दिसतो आणि दुपारी पडतो, याचंही कारण हेच.

मग काट्याची परीक्षा. सेंडरवरची वायर काढली, किल्ली चालू केली: काटा शून्यावर. तीच वायर ३३ ओहमच्या रेझिस्टरमधून इंजिनच्या उघड्या धातूला लावली: काटा हळूहळू वर चढून पाचाशी थांबला. म्हणजे मीटर आणि वायर ठीक. माझं युनिट ‘उलट्या’ जातीचं आहे, शून्य प्रेशरला २४० ओहम आणि पूर्ण प्रेशरला ३३. दुसरी जात १० ते १८० ओहमची. तिच्यात वायर काढली की काटा वर उडतो. आपली जात कोणती ते आधी ओळखा. दुकानातून दुसऱ्या जातीचं युनिट आणून बसवलं तर काटा कायम उलटं सांगेल. वायर थेट बॉडीला चिकटवून फार वेळ धरू नका, जुने मीटर आतून जळतात.

आता सेंडरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावला. एका ओहमच्या आत यायला हवं होतं, आलं चाळीसच्या आसपास. युनिट खोललं आणि कारण डोळ्यांसमोर आलं: आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप, तीन-चार वेढे, कोणीतरी गळती थांबवायला गुंडाळलेली. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. टेपने ते अडवलं, चाळीस ओहमची भर पडली आणि काटा प्रत्येक आकड्याला सुमारे एक किलो कमी दाखवू लागला. दुसऱ्या जातीत याच चुकीने काटा जास्त दाखवेल, आणि ते अधिक घातक. आटे निमुळते असतील तर टेप लागत नाही. सरळ असतील तर तांब्याचा वॉशर टाका.

युनिट काढलेलंच होतं, तर त्याच भोकात साध्या पाइपवरचा ० ते ७ किलोचा मेकॅनिकल गेज लावला. इथे ॲडॉप्टर नीट बघून घ्या. एक अष्टमांश इंची बीएसपी आणि एनपीटी या दोन मापपद्धतींचे आटे दिसायला सारखे, पण बीएसपीला इंचात २८ आटे आणि एनपीटीला २७. जोर लावला की दोन फेरे बसतात आणि ब्लॉकचे आटे खातात. हाताने तीन-चार फेरे सहज फिरलं तरच पाना लावा.

गरम वाचन घेण्याआधी गाडी वीस किलोमीटर चालवली. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, त्याला बराच जास्त वेळ लागतो. उभ्या गाडीत पाच मिनिटं रेस करून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. खरे आकडे असे निघाले: थंड इंजिन ४.२, गरम आयडलिंग ७५० आरपीएमला ०.७, गरम २००० आरपीएमला २.२. जुना ठोकताळा आहे, गरम इंजिनला दर हजार आरपीएममागे किमान १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो. आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर या ठोकताळ्यात माझं इंजिन पातळ ऑइलवरही बसत होतं. शिवाय थंड असताना ४.२ येतंय, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं की जादा ऑइल परत सोडणारी झडप) उघडा अडकलेला नाही. तसा असता तर थंडपणीही प्रेशर चढलं नसतं.

डिझेल येत होतं फीड पंपातून, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपातून. ब्लॉकवर बसणाऱ्या या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटला की डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरतं. फीड पंप ठीक असेल तर इंजेक्शन पंपाचं सील आणि गळके नोझल बघायचे. अशा स्थितीत गाडी चालवत राहू नका. पातळी फार वाढली तर इंजिन ते मिश्रणच ओढून घेऊन स्वतःच्या जोरावर पळू लागतं, आणि मग स्टॉपची दोरी (डिझेल तोडून इंजिन बंद करायची केबल) ओढूनही बंद होत नाही.

पंप बदलला, गरम इंजिनवर ऑइल पूर्ण उतरवलं, फिल्टर नवा, ऑइल १५ डब्ल्यू ४०. पहिल्यांदा सुरू करताना स्टॉपची दोरी ओढून धरली आणि काटा हलेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर दिला. रिकामा फिल्टर भरेपर्यंत बेअरिंग कोरडं फिरतं, ते वाचतं. नंतरचे आकडे: थंड ४.४, गरम आयडलिंग १.२, गरम २००० ला ३.१. टेप काढून आटे घासल्यावर डॅशबोर्डचा काटाही मेकॅनिकल गेजशी जुळला.

‘२० डब्ल्यू ५० (जास्त दाट ऑइल) टाका, काटा वर येईल’ हा सल्ला मलाही मिळाला. येईल, नक्की येईल. पण दाट ऑइलने काटा चढतो तो अडथळा वाढल्यामुळे. सकाळी तेच ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर करतं, आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्यातलं बरंचसं परत चेंबरमध्ये सोडतो. डिझेल येत राहिलं असतं ते वेगळंच.

काटा कसा पडतो तेही बघा. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पडून लगेच सावरत असेल तर पातळी कमी आहे, पंपाच्या तोंडाची जाळी हवा ओढतेय. झटक्याने उड्या मारत असेल तर वायर सैल. नवं ऑइल, खरा गेज, इंजिन गरम आणि तरीही २००० ला दोन किलोच्या खाली असेल, तर मी चेंबर उतरवेन. आधी जाळी, मग सक्शन पाइपचा जोड, मग रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग, शेवटी बेअरिंगच्या टोप्या. प्लास्टिगेजची, म्हणजे फट मोजायच्या मऊ प्लास्टिकची, काडी टोपीत ठेवून ठरलेल्या टॉर्कला आवळायची, क्रँक न फिरवता उघडायची आणि चपटी झालेली काडी कागदी पट्टीशी मोजायची. फट ०.०५ मिमीची ०.१० झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट होते, कारण ती फटीच्या घनाप्रमाणे वाढते.

नव्या ऑइलवर ५०० किलोमीटर झाल्यावर डिपस्टिक पुन्हा काढली. पातळी जागच्या जागी, डिझेलचा वास नाही. तिन्ही आकडे तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत.