खडी, छप्पर आणि उरलेले 15 चौरस फूट

आमच्या लेकवरच्या केबिनला आणखी किती बांधकाम करता येईल, या प्रश्नाचं उत्तर 15 चौरस फूट आलं. म्हणजे पाट मांडून एक माणूस जेवायला बसेल, वाढणाऱ्याने बाहेर उभं राहायचं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मंडळींना केबिन म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: उत्तरेकडचा एखादा लेक, काठावर 1950 च्या दशकातलं लाकडी घर, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिकडे जायला हायवेवर लागलेली गाड्यांची रांग. आमचा प्लॉट 50 फूट रुंद आणि 150 फूट लांब, एकूण 7,500 चौरस फूट. सात गुंठेही भरत नाहीत. घर पाण्यापासून 38 फुटांवर. बांधलं तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं, कारण किनाऱ्यालगतच्या जमिनीचा राज्याचा कायदाच मुळी 1969 चा. आमचा लेक ज्या वर्गात मोडतो तिथे आज सेप्टिक टँकवाल्या नव्या प्लॉटला 40,000 चौरस फूट जागा आणि 150 फूट रुंदी लागते, आणि घर पाण्यापासून 100 फूट मागे. तेव्हा आमचा प्लॉटही नियमात बसत नाही आणि घरही. पाडायला कुणी सांगत नाही. दुरुस्त करा, आतून नवं करा, जळालं तर 180 दिवसांत अर्ज करून होतं तेवढंच पुन्हा उभारा. वाढवू मात्र नका.

आम्हाला वाढवायचं होतं ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. सासू-सासरे सांगलीहून उन्हाळ्यात येतात. केबिनमध्ये खाली एकच बेडरूम, वर लॉफ्ट, आणि लॉफ्टला जायला जिना म्हणावा अशी शिडी. खाली 12 बाय 14 ची एक खोली काढली की प्रश्न मिटला, असं वाटत होतं.

सगळे घाबरवतात ते सेटबॅकच्या, म्हणजे पाण्यापासून आणि रस्त्यापासून सोडायच्या अंतराच्या नावाने. तो आहेच. 150 मधून पाण्याकडचे 100 फूट गेले, रस्त्याकडचे 20 गेले, उरली 30 फुटांची पट्टी. कायद्याने घर जिथे असायला हवं तिथे आमचं सेप्टिक आणि गॅरेज आहे. पण खरी कोंडी करतो तो 25 टक्क्यांचा नियम. पाणी जिरू देत नाही असं काहीही प्लॉटच्या पाव भागापेक्षा जास्त नको. आमचा पाव भाग 1,875 चौरस फूट. घर 720, गॅरेज 400, शेड 80, फरसबंद वाट 60. इथवर आम्ही निवांत होतो. मग बांधकामाचे नियम बघणाऱ्या झोनिंग ऑफिसातल्या बाईंनी ड्राइव्हवे आणि गाडी वळवायची जागा मिळून 600 धरले.

"अहो, पण ती खडी आहे," मी म्हणाले.

गाड्यांनी दाबलेली खडी आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, डांबरासारखीच धरतात. बेरीज 1,860.

नियमामागचं कारण मला पटतं. छपरावरचं आणि खडीवरचं पावसाचं पाणी माती, पानं, खत घेऊन थेट लेकमध्ये उतरतं, त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं. लॉनला फॉस्फरसचं खत घालायला राज्यभर 2005 पासून बंदी आहे ती त्यासाठीच. सासऱ्यांना तर हे समजावूनही सांगावं लागलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं त्यांनी पाहिलंय. "पाण्याजवळ बांधू नका म्हणतंय ना सरकार? मग नको बांधू," ते म्हणाले आणि पेपर उघडला. आमच्या लेकला पूर येत नाही, पण ते असो.

मला टोचतं ते वेगळंच. 40,000 चौरस फुटांच्या प्लॉटवाल्याचा पाव भाग 10,000 होतो. आमच्या अख्ख्या प्लॉटपेक्षा मोठं छप्पर तो नियमात बसून घालू शकतो. लेकच्या हिशेबात हे बरोबर असेल. माणसांच्या हिशेबात नाही.

दीर म्हणाला, शेजारचा रिकामा प्लॉट घ्या. घेता आला असता, पण मग नियमापेक्षा एवढे लहान असलेले शेजारशेजारचे दोन प्लॉट एका मालकाचे झाले की एकत्र धरतात. पुढे एकच विकता येत नाही. सेंट क्रॉय नदीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये मर (Murr) आडनावाच्या कुटुंबाचं हेच झालं. आईवडिलांनी साठच्या दशकात लागोपाठचे दोन प्लॉट घेतले, एकावर केबिन बांधली. मुलांना दुसरा विकून त्या पैशात केबिन नीट करायची होती. परवानगी नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2017 मध्ये 5 विरुद्ध 3 मतांनी ते हरले. आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने कायदा बदलून असे प्लॉट विकायची मुभा दिली! कोर्टात हरून घरी जिंकले म्हणायचं.

तर आमच्यापुढे राहतो व्हेरियन्स, म्हणजे बोर्डापुढे उभं राहून सूट मागणं. इथेही एक रामायण आहे. मिनेटोंका शहरातल्या एका गॅरेजवर मजला चढवायच्या वादात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असा अर्थ लावला की सूट नाकारली तर जागेचा काही रास्त उपयोगच उरत नाही, हे दाखवावं लागेल. तसं कोण दाखवणार? शहरांना व्हेरियन्स देणं जवळपास अशक्य झालं. 2011 मध्ये कायदा सैल केला. आता "व्यवहारातली अडचण" पुरते, मात्र ती जागेची हवी आणि तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नको. नुसती पैशाची अडचण चालत नाही. गुडघे जागेचे नाहीत, सासूबाईंचे आहेत, हे मला फोनवर फार सौम्य शब्दांत सांगण्यात आलं.

म्हणून अर्जात गुडघे काढून टाकले आणि आकडे घातले. मला बोर्डापेक्षा बेरीज बरी वाटते. ती आडनाव बघत नाही. गॅरेज पाडायचं, 400 वजा. खोली 168, तीही घराच्या मागच्या अंगाला, पाण्याकडे एक इंचही नाही. एकूण 1,628, म्हणजे 22 टक्क्यांच्या आत. शिवाय काठालगतचं लॉन काढून तिथे स्थानिक गवतं आणि झुडपं लावायची. सेटबॅकची सूट तरीही लागणारच, पण निदान आम्ही लेकला आहे त्यापेक्षा कमी त्रास देतोय हे कागदावर दिसतं.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. आसपासच्या घरमालकांना नोटिसा गेल्यात, सेप्टिकचा तपासणी अहवाल यायचाय. नवऱ्याचं एकच म्हणणं, गॅरेज गेल्यावर बर्फ हटवायचा स्नोब्लोअर कुठे ठेवायचा? शेडमध्ये, पण तिथे दोन कयाक आहेत. त्या विकायला काढल्यात. ट्विन सिटीजमध्ये (मिनिआपोलिस-सेंट पॉल) कुणाला हव्या असतील तर खाली लिहा, वल्ही फुकट.